ध्येय बदलायचं असेल, तर त्याचा दिवस आधी ठरवा

प्रश्न: मी ३६ वर्षांची, नोकरी करणारी. जानेवारीत पाच गोष्टी ठरवल्या होत्या: पहाटे पाचला उठून पाऊण तास व्यायाम, कामाच्या क्षेत्रातल्या एका प्रमाणपत्र परीक्षेसाठी रोज एक तास अभ्यास (परीक्षा जूनअखेर), आठ किलो वजन कमी करणं, रोज अर्धा तास वाचन आणि झोपण्यापूर्वी पाव तास डायरी. सात आठवडे सगळं व्यवस्थित चाललं. मार्चच्या सुरुवातीला आईचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे मी तिच्याजवळ होते. परत आल्यावर राहिलेलं भरून काढायला एका रविवारी सलग सहा तास बसले आणि त्यानंतर पुस्तक उघडलंच नाही. आता जुलै उजाडला, परीक्षा दिलेली नाही. नवरा म्हणतो, 'मनावर घेतलंस तर होईल.' मैत्रीण म्हणते, 'इतकं लावून घेऊ नकोस, जमेल तेवढं कर.' परीक्षा पुढे ढकलावी असं वाटतं, पण मग ही माझी नेहमीची धरसोडच नाही का? ध्येय बदलणं आणि हार मानणं यांत फरक कसा ओळखायचा?

उत्तर: 'नेहमीची धरसोड' हे तुमचे शब्द आधी तपासू या. पाऊण तास व्यायाम, तासभर अभ्यास, अर्धा तास वाचन, पाव तास डायरी, ही बेरीज रोजची अडीच तास आणि आठवड्याची साडेसतरा तास होते. नोकरी आणि घर सांभाळून सात आठवडे हे ज्या बाईने निभावलं, तिच्या जिद्दीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण एवढ्या भरगच्च आखणीत आजारपणाला, लांबलेल्या मीटिंगला, साध्या सर्दीलाही कुठे जागा ठेवलेली नव्हती. मार्चमध्ये कोसळली ती ही आखणी.

धरसोड आणि लवचिकता लांबून सारखीच दिसते: आधी एक ठरवलं होतं, मग दुसरंच केलं. वेगळेपण असतं ते बदल कधी आणि कोणत्या नियमाने झाला यात. रात्री साडेदहाला डोळे मिटत असताना 'जाऊ दे, परीक्षा पुढच्या वर्षी बघू' म्हणणं ही धरसोड. रविवारी सकाळी वही समोर घेऊन, झालेल्या बैठका मोजून 'परीक्षा पुढच्या वर्षी' असं लिहिणं ही फेरआखणी. निर्णय शब्दशः तोच असेल, तरी पहिल्यानंतर मनात अपराधीपणा उरतो आणि दुसऱ्यानंतर नवं वेळापत्रक. म्हणून काय वाकवायचं, किती वाकवायचं आणि कोणत्या दिवशी, हे डोकं शांत असताना आधीच ठरवून ठेवायचं. पुढे जे सांगतो आहोत ते सगळं या एका गोष्टीसाठी.

नवरा आणि मैत्रीण या दोघांचंही अर्धं बरोबर आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलं की स्पष्ट आणि थोडं अवघड ध्येय ठेवणाऱ्यांचं काम 'जमेल तेवढं करा' असं सांगितलेल्यांपेक्षा चांगलं होतं. तेव्हा मैत्रिणीचा सल्ला प्रेमाचा असला तरी कामाचा नाही, कारण 'जमेल तेवढं' मोजताच येत नाही. पण याच संशोधनात हेही आढळलं की काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल, तर सुरुवातीलाच निकालाचा आकडा गाठायला लावल्याने माणूस उलट अडखळतो. आधी 'हे कसं करायचं ते शिकणं' हेच ध्येय ठेवलेलं बरं. नुसतं मनावर घेतल्याने ही पायरी वगळता येत नाही.

आता पाच गोष्टींची एक करू. भाराभर चिंध्या तुम्ही केल्या असं म्हणायचं नाही, पाचही गोष्टी चांगल्याच आहेत. मात्र एका वेळी एकच ध्येय 'चालू' ठेवा. ते परीक्षेचं, असं तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं. व्यायाम 'जपणुकीत' टाका: प्रगतीची अपेक्षा नाही, फक्त सवय मोडायची नाही, आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं चालणं पुरे. वाचन आणि डायरी तारीख घालून बाजूला ठेवा: 'परीक्षा झाल्यावर बघणार.' तारीख घातली नाही तर बाजूला ठेवलेली गोष्ट रोज डोक्यात कुरकुरत राहते. वजनाचं मात्र वेगळं आहे. आठ किलो हे काम नव्हे, कामाचा परिणाम आहे आणि तो पूर्णपणे आपल्या हातात नसतो. शरीरातल्या पाण्यामुळेच काटा एका दिवसात एक-दीड किलो इकडेतिकडे होतो. रोज तो आकडा पाहून स्वतःला पास-नापास करत बसलात, तर चांगला गेलेला दिवसही वाया गेल्यासारखा वाटेल. तो आकडा सध्या यादीतून काढाच.

उरलेलं एक ध्येय वहीच्या नव्या पानावर तीन ओळींत लिहा. पहिल्या ओळीत 'कशासाठी', दुसरीत 'काय आणि कधीपर्यंत', तिसरीत 'या आठवड्यात कसं'. तुमच्या बाबतीत ते साधारण असं होईल:

*कशासाठी: आत्ताच्या कामातून बाहेर पडून जास्त जबाबदारीचं काम मिळावं.*
*काय: प्रमाणपत्र परीक्षा, पुढच्या मेमध्ये.*
*कसं: सोमवार ते शुक्रवार, रात्रीचं आवरल्यावर एक तास.*

यातली पहिली ओळ घट्ट, दुसरी थोडी सैल आणि तिसरी सगळ्यात सैल धरायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पाचच्या गजराला प्राणपणाने जपतात, तो चुकला की दिवस गेला असं मानतात आणि आपण हे कशासाठी करतोय ते मार्चपर्यंत विसरून जातात. पाचला उठणं ही तिसऱ्या ओळीतली गोष्ट. ती दर आठवड्याला बदलली तरी ध्येयाला धक्का लागत नाही. पहिली ओळ लिहायला वेळ लागला तर लागू द्या. 'कशासाठी'चं उत्तर 'सगळे देतात म्हणून' असं आलं, तर इथेच थांबून विचार करा. मेपर्यंतचे कष्ट वाचतील.

दुसऱ्या ओळीतली तारीख अंदाजाने टाकू नका. आपल्याच कामाचा वेळ कमी धरणं हा माणसाचा अगदी पक्का दोष आहे. १९९४ साली रॉजर ब्युहलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध पूर्ण व्हायला किती दिवस लागतील? सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळं उलटं घडलं तर किती, या प्रश्नाचं सरासरी उत्तर सुमारे ४९ आलं. प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. म्हणजे वाइटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला.

त्यामुळे मोजा. तीन पाठ घड्याळ लावून करा: वाचन, टिपणं, शेवटचे प्रश्न, सगळं धरून. समजा एका पाठाला दोन तास लागले आणि एकूण पाठ ६० आहेत. झाले १२० तास. उजळणी आणि सराव परीक्षांना आणखी ४०, म्हणजे १६०. त्याची दीडपट करा, २४०. दीडपट हा ढोबळ नियम आहे, पण तो सहसा जास्त ठरत नाही. आता जानेवारीची आखणी यावर ताडून पाहा: जूनअखेरपर्यंत रोज एक तास, एकही दिवस न चुकता, म्हणजे १८१ तास. आईचं ऑपरेशन झालं नसतं, तरी जून हातातून निसटण्याचीच शक्यता जास्त होती. (तुमच्या अभ्यासक्रमाचे आकडे वेगळे असतील, रीत हीच ठेवा.)

सात आठवड्यांत तुमचे जवळपास ४९ तास झाले आहेत. चार महिन्यांच्या खंडानंतर त्यातले निम्मे, २४ धरा. २४० मधून ते गेले की २१६ उरतात. आठवड्याला पाच तास दिले तर ४३ आठवडे, म्हणजे सुमारे दहा महिने. वरच्या पानावर मे लिहिला तो या हिशेबाने. परीक्षा पुढे ढकलणं ही हार आहे का, या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापुरतं या बेरजेत आहे.

आता तिसरी ओळ, कारण रोजची गाडी तिथेच अडते. एका बैठकीची तीन मापं ठरवा. नेहमीची एक तासाची. हात मोकळा असेल त्या दिवशी दीड तासाची, त्यापुढे नाही. आणि अडचणीच्या दिवशी दहा मिनिटांची: कालच्या टिपणांवर एक नजर आणि एक प्रश्न सोडवणं. दहा मिनिटांची बैठकही वहीत बैठक म्हणूनच मोजायची, फक्त चौकटीत बरोबरच्या खुणेऐवजी ठिपका द्यायचा, म्हणजे महिनाअखेरीस ठिपके किती झाले ते दिसेल. दीड तासाची मर्यादा मात्र सोडू नका. उत्साहाच्या भरात चार तास बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुस्तकाला हात लावत नाही.

शिवाय महिन्याला चार राखीव सुट्ट्या ठेवा. 'आठवड्यात चारच दिवस करते' असं ठरवण्यापेक्षा 'पाच दिवस करायचं, पण चार सुट्ट्या हाताशी आहेत' असं ठरवणं जास्त टिकतं. मारिसा शरीफ आणि सुझॅन शू यांचं २०१७ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन यावरच आहे. त्यांच्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज एक कंटाळवाणं काम करायचं होतं. एका गटाला सातही दिवस, दुसऱ्याला पाच दिवस, तिसऱ्याला सातही दिवस पण अडीनडीला दोन सुट्ट्या. आपलं लक्ष्य पहिल्या गटातल्या २१ टक्क्यांनी, दुसऱ्यातल्या २६ टक्क्यांनी आणि तिसऱ्यातल्या ५३ टक्क्यांनी गाठलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला करावं लागणारं किमान काम सारखंच होतं. राखीव सुट्टी खर्च करायला जीव थोडा कचरतो, म्हणून ती खऱ्या अडचणीसाठी मागे ठेवली जाते, आणि ती घेतली तरी 'आता सगळंच बिघडलं' असं वाटत नाही.

सुट्टीचे नियम थोडेच ठेवा. घेतली की त्याच दिवशी वहीत लिहायची. लागोपाठ दोन घ्यायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांची का होईना, बैठक हवीच. उरलेल्या पुढच्या महिन्यात न्यायच्या नाहीत, नाहीतर परीक्षेच्या तोंडावर वीस सुट्ट्या साचतात.

एखादा दिवस पूर्ण कोरा गेलाच, तर त्याचं ओझं बाळगू नका. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर १२ आठवडे सवयींचा अभ्यास केला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असा अंदाज त्यातून निघाला, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखाद दिवस चुकल्याने सवय लागण्यावर लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते मनातून काढून टाका. बाविसाव्या दिवशीही जड जात असेल, तर ते अगदी नेहमीचं आहे.

बैठक कधी सुरू होणार, हे डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा कानांना ऐकू येणाऱ्या खुणेला बांधा. 'वेळ मिळाला की बसेन' ही खूण नव्हे, कारण वेळ मिळाल्याची घंटा वाजत नाही. 'स्वयंपाकघरातला दिवा मालवला की फोन चार्जिंगला त्याच खोलीत ठेवून टेबलाशी बसेन' ही खूण आहे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली 'अमुक झालं, तर मी तमुक करेन' अशा वाक्यांची ताकद सविस्तर मांडली आणि पुढच्या अभ्यासांनी तिला चांगला दुजोरा दिला. तुम्ही अशी तीनच वाक्यं लिहा. एक सुरुवातीचं. एक अडचणीचं: 'ऑफिसातून निघायला आठ वाजले, तर आज दहा मिनिटांची बैठक.' आणि एक मोडल्यानंतरचं: 'दोन दिवस चुकले, तर तिसऱ्या दिवशी नवा पाठ उघडायचा नाही, सोडवलेलेच दोन प्रश्न पुन्हा सोडवायचे.' हे तिसरं वाक्य बहुतेक जण लिहीत नाहीत आणि परतीची वाट तिथेच बंद होते.

तुमच्या त्या सहा तासांच्या रविवारबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिनसलं आहे. खंडानंतर थकबाकी भरायची नसते. तीन आठवडे बुडाले म्हणजे २१ तास बुडाले, ते शनिवार-रविवारी वसूल करायचे, असा हिशेब मन लगेच मांडतं. पण दमून आलेल्या शरीराला सहा तासांची बैठक झेपत नाही, डोक्यात फारसं काही शिरत नाही, आणि त्या दिवसाचा शीण पुस्तकाला चिकटतो. नंतर पुस्तक दिसलं तरी तोच रविवार आठवतो. थकबाकी वेळापत्रकाच्या शेवटाला जोडायची: तीन आठवडे गेले, तर परीक्षेची तारीख तीन आठवडे पुढे. सुट्टीत पुढे ढकललेलं शेवटी कुठेतरी बसवण्यासाठीच ती दीडपट धरली आहे.

आजारपण, बाळंतपण, बदली, घरातलं दुःख अशा मोठ्या प्रसंगात दहा मिनिटांची बैठकही मागू नका. वहीत 'विराम' लिहा आणि खाली परतायची तारीख टाका. तारीख पुढेमागे झाली तरी चालेल, पण रिकामी ठेवू नका. परतल्यावर पहिला आठवडा निम्म्या मापाने, पाचऐवजी तीन बैठका अर्ध्या-अर्ध्या तासाच्या, आणि त्या फक्त उजळणीच्या.

राहिला आढावा. दर रविवारी पंधरा मिनिटं. त्या वेळी फक्त तिसरी ओळ बदलायची मुभा: वेळ, जागा, माप, खूण. दुसरी ओळ, म्हणजे परीक्षा आणि तारीख, दर सहा आठवड्यांनीच उघडायची. त्या आढाव्याची तारीख आजच कॅलेंडरवर टाका. मधल्या काळात कितीही वाटलं तरी 'ढकलावी का' हा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा, उत्तर द्यायचं नाही. बरेचसे प्रश्न सहा आठवड्यांत आपोआप मावळतात. जे उरतात ते खरे.

सहा आठवड्यांत पाचप्रमाणे ३० बैठका ठरल्या होत्या. आता आकडा बघा. १८ पेक्षा कमी झाल्या असतील, तर ध्येयाबद्दल काहीच ठरवू नका, कारण ते अजून तपासलंच गेलेलं नाही. दोष पद्धतीत आहे: खूण चुकीची, वेळ चुकीची किंवा बैठक मोठी. तीच वेळ आणि तेच माप घेऊन 'या वेळी नक्की' असं म्हणत पुन्हा सुरुवात करू नका, एक तरी गोष्ट बदला. २५ च्या वर झाल्या, पण १३ पाठ अपेक्षित असताना ७ झाले, तर पद्धत उत्तम आहे, अंदाज चुकला आहे. तेव्हा तारीख पुढे न्या किंवा परीक्षेची खालची पातळी असेल तर ती आधी द्या. असा बदल अगदी निःसंकोच करा. आणि बैठकाही झाल्या, पाठही सरकले, तरी पुस्तक उघडताना पोटात गोळा येतो, पुढचं काम मिळाल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणूनही काही वाटत नाही, तर पहिली ओळ पुन्हा वाचा. कदाचित 'कशासाठी'च बदललं असेल. (१८ आणि २५ हे काटेकोर आकडे नाहीत, दोन-तीन इकडेतिकडे झाले तर आपल्या समजुतीने घ्या.)

सोडून देणं हाही रास्त निर्णय असू शकतो. कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं की आवाक्याबाहेर गेलेल्या ध्येयातून जे मोकळे होऊ शकतात आणि दुसऱ्या अर्थपूर्ण गोष्टीत मन घालू शकतात, त्यांचं मनःस्वास्थ्य अधिक चांगलं असल्याचं दिसतं. यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. नुसतं सोडलं की पोकळी राहते. सोडायचं की नाही हे ठरवताना 'आजवर किती तास घातले' हे विचारू नका, ते तास दोन्हीकडून गेलेलेच आहेत. विचारा: हे आज नव्याने समोर आलं असतं, तर मी हातात घेतलं असतं का? लागोपाठ दोन आढाव्यांत उत्तर 'नाही' आलं, तर सोडा. घरच्यांना तसं सांगा आणि रात्रीचा तो तास त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कामाला द्या. हीच अट आज वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढे सोडायची वेळ आलीच तर ती आधी ठरलेल्या नियमाने सोडाल.

या रविवारी एवढंच करा: तीन ओळी, तीन वाक्यं, सहा आठवड्यांनंतरची तारीख. अभ्यास सोमवारपासून, आणि पहिला आठवडा निम्म्या मापाचा. नवऱ्यालाही एक काम द्या. त्यांनी 'मनावर घे' म्हणायचं नाही, दर रविवारी फक्त विचारायचं, 'या आठवड्यात किती बैठका झाल्या?' तुम्ही आकडा सांगायचा, आणि त्यांनी त्यावर काही बोलायचं नाही.